शेवटच्या पानावरची लाल रेघ

ग्लेन वेव्हर्ली उपनगराच्या ट्रेनमध्ये रोज समोर बसणाऱ्या त्या काकूंचं नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर प्रिंटआउट आणि हातात लाल पेन्सिल घेऊन त्या पेपर तपासणाऱ्या शिक्षिकेसारख्या बसायच्या. एकदा मला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांनी ते कागद माझ्यापुढे धरले.

त्यांचा मुलगा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या वेटिंग रूममध्ये ताटकळत मरण पावला होता. अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने, म्हणजे कॉरोनरने, तपास करून निष्कर्ष वेबसाइटवर टाकला होता आणि वेटिंग रूमसाठी वेगळी नर्स नेमण्याची शिफारस केली होती.

"आधीच्या तीन मृत्यूंच्या निष्कर्षांतही हीच शिफारस आहे!" काकू कडाडल्या. "लपवलं असतं, तर कुणीतरी शोधून वाचलं असतं. उघड्यावर ठेवलंय, म्हणून कुणी बघत नाही."

माझंही डोकं तडकलं. काय निर्लज्ज माणसं आहेत ही!

मग शेवटचं पान उलटलं. त्यावर हॉस्पिटलचं उत्तर होतं: ‘शिफारशीची नोंद घेतली असून ती विचाराधीन आहे.’ त्याखालच्या लाल रेघेने कागद फाटला होता.

लेटरहेड माझ्याच हॉस्पिटलचं होतं. अशी उत्तरं तिथे मीच पाठवतो, जुन्या फाइलीतून तेच वाक्य उचलून. निष्कर्ष मात्र त्या दिवशी ट्रेनमध्ये पहिल्यांदा वाचला.