ओट्याखालची विहीर

सारंगखेड्याच्या करणसिंग आप्पांना वाकडं काही खपत नसे. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी हात स्वस्थ बसत नव्हते, घरात साधा खिळासुद्धा ते दुसऱ्याला ठोकू देत नसत. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची मुलगी सीमा नातीला घेऊन येणार होती. त्याआधी स्वयंपाकघराच्या भिंतींना टाइल्स लावायच्या असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यासाठी त्यांनी लेसर लेव्हल मागवली. सोबत तिचा पोल आला. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, खाली रबरी पाय, वर स्प्रिंगचं टोक. उंची वाढवून तो जमीन आणि छताच्या मध्ये दाबून बसवायचा आणि मधल्या पकडीत मशीन अडकवायची. बटण दाबलं की चारही भिंतींवर एकाच पातळीत हिरवी रेघ उमटे.

आप्पांनी पोल ओट्यासमोर, खोलीच्या मधोमध उभा केला. रेघेवर पेन्सिलने खुणा केल्या आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोल कलला होता. वरचं टोक छतापासून सुटलेलं. आपणच नीट आवळला नसेल, असं म्हणत त्यांनी तो पुन्हा ताठ केला, स्प्रिंग दाबली, मशीन चालू केली. हिरवी रेघ खुणांच्या खाली उतरली होती. चारही भिंतींवर सारखीच, तांदळाच्या दाण्याएवढी.

"मशीन खराब शे, परत करी द्या," चहाचा कप पुढे करत तापीबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

आप्पांनी तोच पोल पुढच्या खोलीत उभा केला, तिथेही खुणा केल्या. पूर्ण दिवस गेला, रेघ केसभर हलली नाही. तिसऱ्या दिवशी पोल परत स्वयंपाकघरात आणला, पूर्वीच्याच जागी. मशीन पोलवर जिथे होती तिथेच घट्ट होती. भिंतींना तडा नव्हता. आणि रेघ आता खुणांपासून बोटभर खाली होती.

मशीन हलली नाही, भिंती हलल्या नाहीत. मग खाली गेली ती पोलच्या पायाखालची जमीन.

वाकून त्यांनी फरशीवर बोटाचं पेर आपटलं. भिंतीकडे आवाज भरीव होता. ओट्याकडे सरकत गेले तसा तो मडक्यासारखा येऊ लागला. ते उठले, हात पुसले आणि कुणालाच काही बोलले नाहीत.

त्याच दुपारी सीमा आली. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठरत नव्हता. तिची पाच वर्षांची काजल गारव्यासाठी थेट स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसली. आप्पा ओसरीत होते. आतून तिचं खिदळणं ऐकू आलं.

"आप्पा, देखा! लिंबू आपोआप जास!"

ते दारात आले. काजलने दाराजवळून लिंबू सोडलं, ते घरंगळत पोलच्या पायाशी जाऊन थांबलं. तिने ते भिंतीजवळून सोडलं, तरी तिथेच. ओट्याच्या कोपऱ्यातून सोडलं, तरी तिथेच. ती टाळ्या पिटत लिंबू आणायला पोलकडे धावणार, तोच आप्पांनी तिला काखेत धरून उचललं आणि बाहेर आणलं. पोरगी घाबरून रडू लागली.

"काय व्हयनं?" तापीबाई धावत आल्या.

"आत जाऊ नको. कोनीच जाऊ नका."

भिंतीला पाठ लावून, कडेकडेने जात त्यांनी सिलिंडर, शेगडी, डबे बाहेर काढले. पोल मात्र चालू मशीनसकट तसाच उभा राहिला, त्याच्याजवळ जायची त्यांची छाती झाली नाही. दाराला कुलूप घातलं. मग ते ओसरीच्या पायरीवर बसले.

"सीमानी माय, विहीरमा काय भरं म्हनी तू ईचारं व्हतं. मी दगड-मुरूम सांगं."

"हां. मंग?"

"दगड नही व्हता. वीटभट्टीनी राख व्हती."

बावीस वर्षांपूर्वी अंगणातली आटलेली विहीर बुजवून त्यांनी त्यावर हे स्वयंपाकघर बांधलं होतं. दगड भरा, दोन पावसाळे बसू द्या, असं गवंडी सांगत होता. आप्पांना घाई होती. दोन महिन्यांत फरशी पडली. मोरीचं पाणी कधीपासून त्या राखेत मुरत होतं कुणास ठाऊक.

"बावीस वरीस मी त्या राखवर उभी ऱ्हाईसन रांधं?" तापीबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, म्हणूनच आप्पांना तो सोसवेना.

दुसऱ्या दिवशी, आखाजीला, अंगणात तीन विटांची चूल मांडली. सीमा पुरण वाटत होती, तापीबाई खापरावर मांडा टाकत होत्या. दोघी आप्पांशी बोलत नव्हत्या. जेवणं उरकत आली तेव्हा घरातून आवाज आला. पोतं फाटून धान्य सांडावं तसा, लांबलेला. मग एक धप्प. कुलपाच्या दाराखालून करडी धूळ ओसरीवर पसरली.

आप्पांनी दार उघडलं. उंबऱ्यापासून दोन हातांवर जमीन नव्हती. ओटा अर्धा भिंतीला लटकत होता. खाली काळोखात मशीन अजून चालू होती. विहिरीच्या जुन्या दगडी कडांवर हिरवी रेघ तिरपी पडली होती.

काजलला पोटाशी धरून सीमा मागे सरली. तापीबाई मात्र पुढे आल्या आणि त्या खड्ड्यात पाहत राहिल्या. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आनी आखो काय काय सांगं नही तुम्ही माले?"

पुढच्या आठवड्यात दगड आले. प्रत्येक ट्रॉली रिकामी होईपर्यंत तापीबाई उन्हात उभ्या राहून बघत होत्या. विहीर भरली, पण त्या जागेवर त्यांनी पुन्हा काही बांधू दिलं नाही. आप्पांनीही विषय काढला नाही. आता स्वयंपाक पुढच्या खोलीत होतो, आणि तापीबाई तिथे भाकरी थापताना मधेच थांबतात, पायाने फरशी ठोकून आवाज ऐकतात.