बोदात घातलेला हात

माझं ऑफिस म्हणजे निपाणीतल्या आमच्या बंद वखारीची पुढची खोली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तंबाखूचा व्यापार आवरता घेतला त्याला बरीच वर्षं झाली, पण भिंतींनी तो अजून सोडलेला नाही. नवा माणूस आत आला की आधी शिंकतो, मग नमस्कार करतो. एकदा माझा लॅपटॉप तापून बंद पडला तेव्हा मी तो बेळगावला, कॅम्पातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मागचं झाकण उघडलं, लागोपाठ चार शिंका दिल्या आणि विचारलं, "मॅडम, यात काय भरून ठेवता?"

मी त्यात करार भरून ठेवत होते. स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा करून होतात ते नव्हेत, ब्लॉकचेन नावाच्या, अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या सामायिक वहीतले. हे करार प्रोग्रामच्या भाषेत लिहिलेले असतात आणि अट पुरी झाली की आपणहून अमलात येतात. मध्ये ना वकील, ना पंच. मात्र एकदा चढवलेला करार सहसा बदलता येत नाही, त्यामुळे त्यात चूक राहिली तर तीही तितक्याच इमानाने अमलात येते. अशा चुका शोधणारी साधनं बनवणाऱ्यांना अभ्यासासाठी ढिगाने करार लागतात. पुष्कळ लोक आपल्या कराराचा मूळ कोड सगळ्यांना वाचता येईल असा उघडा ठेवतात. तो गोळा करायचा, साफ करायचा आणि कुणालाही फुकट उतरवून घेता येईल असा एका जागी मांडायचा, हे आमच्या छोट्या गटाचं काम. बाकीचे बेंगळुरूला, मी एकटी निपाणीत.

निपाणीत अशासाठी, की आई गेल्यावर आप्पा एकटे पडले होते. त्यांना चहाखेरीज काही करता येत नाही, आणि चहा येतो असं म्हणणं हा माझा मोठेपणा. गटाच्या प्रमुख बाईंनी मला एक वर्ष घरून काम करायची मुभा दिली होती. वर्षाच्या शेवटी संग्रह जाहीर व्हायचा होता. तो पाहून बाई ठरवणार होत्या, की मुभा वाढवायची का मला परत बोलवायचं. मला जायचं नव्हतं. आप्पांना विचारलं तर म्हणायचे, "तू जा की. मला काय धाड भरलीया?"

पण रोज सकाळी पहिला प्रश्न त्यांचाच असायचा. "काय गं, किती बोद झालं?" बोद म्हणजे गोणपाटात शिवलेलं तंबाखूचं भलंमोठं गाठोडं. आप्पांच्या लेखी जगातला सगळा माल बोदातच येतो. मी आकडा सांगायचे, तो कालच्यापेक्षा मोठा असायचा, आणि आप्पा खुशीत हायवेवरच्या चहाच्या टपरीकडे निघायचे. तिथे त्यांनी सांगून ठेवलं होतं, की पोरगी साऱ्या जगाचं करार गोळा करतीया.

आप्पांची ख्याती त्यांच्या हातासाठी होती. शेतकरी बोदाच्या तोंडाला चांगला माल भरतो, हे निपाणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आप्पा तोंडाकडे बघायचेच नाहीत. बाही वर सारून कोपरापर्यंत हात बोदात घालायचे, मधली मूठ बाहेर काढायचे, चुरगाळायचे, हुंगायचे आणि एकच शब्द बोलायचे. माल भावकीतल्या माणसाचा असला तरी त्या शब्दात फरक पडायचा नाही.

हे सगळं बघत वाढलेल्या मुलीने काय करावं? तिने तोंडाला चांगला माल भरला. संग्रहाचं पान उघडलं की सुरुवातीचे शंभर करार आपोआप समोर येतात. तिथे मी वेचून वेचून देखणे करार लावले, एक लिलावाचा, एक मतदानाचा, एक पीकविम्याचा. आपण काही लबाडी करतोय असं मनातसुद्धा आलं नाही. आमच्याकडे माल असाच भरतात.

जाहीर व्हायला आठवडा उरला असताना आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. "दाखव तरी, काय भरलीयास."

मी मोठ्या तोऱ्यात पान उघडलं. त्यांनी एक नजर टाकली. "ह्ये तोंड झालं. मधला दाखव."

मी हसत माऊस त्यांच्या हातात दिला. आप्पांचं इंग्रजी दुकानांच्या पाट्या आणि पोत्यांवरचे शिक्के वाचण्यापुरतं. तरी चष्मा लावून ते तासभर कुठून कुठून फायली उघडत राहिले. मग "बरं हाय" म्हणाले आणि उठले.

त्यानंतर दोन दिवस आप्पांचं काहीतरी बिनसलं होतं. किती बोद झाले, हे विचारलं नाही. टपरीवर गेले नाहीत. आमटीत मी मीठ घालायला विसरले, तीही निमूट जेवले. मला वाटलं, बीपी वाढलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली. "जरा हिकडं ये." स्क्रीनवर मधलीच कुठलीतरी फाईल उघडी होती. "ह्यो बघ. वर तीन आखूड वळी, मग एक लांब, मग पायऱ्या उतरल्यागत. आता ह्यो दुसरा बघ. ह्यो तिसरा. नावं बदलल्यात, माल त्योच. एकाच रानातला माल हाय गं, येगयेगळ्या बोदात भरलेला."

मी चिडले. तंतोतंत सारख्या प्रती मी केव्हाच काढून टाकल्या होत्या. तुम्हाला यातलं काय कळतं, असंही बोलून गेले. आप्पांनी चौथा उघडला.

चौथाही तोच होता. एका अक्षराचा फरक असला तरी माझा प्रोग्राम दोन करार वेगळे धरत होता, आणि लोक तर तयार करार उचलतात, नाव बदलतात, वर चार ओळींची टीप चिकटवतात आणि मोकळे होतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आकडा वाढताना इतकं बरं वाटत होतं, की मी मध्ये हातच घातला नव्हता. अशा मालावर शिकलेलं साधन त्याच मालावर तपासलं तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळणार आणि खऱ्या चुकीपुढे ते तोंडघशी पडणार. मला स्वतःची लाज वाटली.

नावं आणि टिपा पुसून मी सगळे करार पुन्हा एकमेकांशी ताडून पाहिले. जेमतेम चार आणे माल उरला. सुरुवातीचे शंभर या वेळी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले. मग बाईंना मेल लिहिली. आकडा का घसरला, आधीचं तोंड मी कसं सजवलं होतं आणि चूक कुणी पकडली, सगळं त्यात लिहिलं.

मेल पाठवून आत आले तर आप्पा माळ्यावरून काढलेली माझी प्रवासाची बॅग ओल्या फडक्याने पुसत होते.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ना?" मी विचारलं.

"व्हय."

"मग दोन दिवस गप्प का बसलात?"

फडकं थांबलं. "खरं सांगितलं तर तू जाशील, म्हणून. आयुष्यात पयल्यांदाच खराब माल पास केलता बघ. दोन दिस जेवान ग्वाड लागलं न्हाय."

मला रडू फुटलं. आप्पा बॅगेची चेन उघडून बंद करत राहिले.

चार दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. संग्रह लहान झाला तरी चालेल, पण मधला माल तपासणारं माणूस सोडायचं नाही, तेव्हा आणखी एक वर्ष तिथूनच काम करा, असं त्यांनी लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. आप्पा "बरं हाय" म्हणाले आणि टपरीवर निघून गेले.

संध्याकाळी पाहिलं तर बॅग माळ्यावर परत गेली होती. तिच्यावर वखारीतल्या जुन्या गोणपाटांची थप्पी रचलेली होती, थेट आढ्यापर्यंत. ती हलवून बॅग काढायची तर दोन माणसं तरी लागतील.