बिननावाचा चौक

वैजयंती जुन्नरच्या बाजारात पारसभाऊंच्या दुकानात फ्लेक्स बनवायची. भावी सरपंचाचा चेहरा उजळ कर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बारा मित्रांची तोंडं दाटीवाटीनं बसव, असली कामं. पोरीच्या हातात कला होती, पण दाद देणार कोण? भावी सरपंचाला फक्त गोरं व्हायचं असायचं.

तिचं खरं काम जेवणाच्या सुट्टीत चालायचं. घाटघरला तिची आई चिमाबाई लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे चौकटीतलं देवाचं चित्र काढते. तोच लग्नाचा चौक वैजयंतीनं कॉम्प्युटरवर काढून हलता-चालता केला. वरात हलते, नाचणारे गोल फिरतात, नवरी मान वर करते. तीन महिने खपली त्यासाठी. नारायणगावात नव्यानं निघालेल्या डिजिटल कलासंस्थेत एकाच कलाकाराची जागा होती. ती मिळाली असती तर सरपंचांच्या तावडीतून पोर सुटली असती.

शेजारच्या खुर्चीवर फ्लेक्सचंच काम करणारी उज्ज्वला बसायची. जिवाभावाची मैत्रीण, घाटघरला चार वेळा मुक्काम करून गेलेली. अर्ज इंग्रजीत होता, म्हणून चित्राची फाइल आपल्या कॉम्प्युटरवर घेऊन तो तिनंच भरायला घेतला.

"चित्राखाली नाव टाक की तुझं," ती म्हणाली.

"चौकाखाली नाव घालत्यात व्हय? त्यो देवाचा असतो."

एरवी शहाणी पोर, पण इथं चुकली. देवानं काही नोकरीचा अर्ज भरला नव्हता.

पंधरा दिवसांनी उज्ज्वला म्हणाली, "तुझा नंबर न्हाई लागला गं," आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मग लग्न ठरतंय असं सांगून तिनं काम सोडलं. वैजयंतीनं तिला साडी घेऊन दिली.

महिन्याभरानं संस्थेचा फ्लेक्स दुकानात छापायला आला. त्यावर चिमाबाईचा चौक आणि खाली ठसठशीत अक्षरांत उज्ज्वलाचं नाव. वैजयंतीच्या अंगाची लाही लाही झाली. पारसभाऊंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू जा. फ्लेक्सचं मी बघतो."

तशीच जीपनं ती नारायणगावला पोचली. तिला बघताच उज्ज्वला आतल्या खोलीत पळाली. संस्थेच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पुरावा मागितला. पुरावा कुठून आणणार? फाइल दोघींच्या कॉम्प्युटरवर होती, नाव कुठंच नव्हतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "सोमवारी उज्ज्वला तीन नवे चौक दाखवणार आहे, अर्थासकट. तिला जमले नाहीत, तर जागा तुझी."

वैजयंतीला हसूच फुटलं. बाकीचे चौक चिमाबाईशिवाय कुणाला येत होते? उज्ज्वलाला तर रांगोळीची सरळ रेघ जमत नव्हती. तो बुधवार होता. घाटघरला फोन लागत नाही, आणि लावावा असं तिच्या मनातही आलं नाही.

शनिवारी ती एसटीनं घरी गेली. चिमाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. लेकीला बघून तिचा चेहरा फुलला.

"उज्ज्वला आलती गुरवारी. तुझ्या नोकरीसाठी आजून तीन चौक पायजेत म्हनाली. मी काढत व्हते, तिनं समदं मोबाइलात घेतलं. कुठला कशासाठी, त्येबी इचारलं. लई गुणाची पोर. तुझ्यासाठी म्हनाली, म्हून मी कायबी मागं ठिवलं न्हाई."