गडग्यापलीकडच्या काकी

कुठलीही चांगली गोष्ट दाखवली की काकी आधी मान फिरवायच्या. मग हवेतल्या हवेत तीनदा ‘थू थू’ करायच्या आणि म्हणायच्या, ‘‘मेलां काय तां! बघवत नाय.’’

आमचं घरही त्यांनी पहिल्यांदा असंच पाहिलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. रत्नागिरीत आम्ही दुसऱ्याच्या पडवीत भाड्याने राहून संसार केला होता आणि आता गावाबाहेरच्या सड्यावर स्वतःचं पहिलं घर उभं राहिलं होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी मूळची कऱ्हाडकडची, इथे शाळेत शिकवायची. हे सरकारी कचेरीत होते. वास्तुशांतीचे पाहुणे जेवायला बसले होते आणि तेवढ्यात शेजारच्या आवारातून एक उंच, सावळ्या, नऊवारीतल्या बाई गडगा ओलांडून आल्या. दोन आवारांमध्ये नुसते दगड रचून घातलेली बुटकी भिंत म्हणजे गडगा. तो ओलांडायला त्यांना फाटक लागत नसे. बाईंनी सगळं घर फिरून पाहिलं, कौलांकडे नजर टाकली आणि भर पंगतीसमोर मला म्हणाल्या, ‘‘ह्यां कसलां घर गो? गुरांपण ऱ्हायची नायत ह्यात.’’

माझ्या माहेरच्या माणसांचे घास हातातच राहिले. रत्नागिरीचे पाहुणे मात्र निवांत जेवत होते, एकाने तर हसत आमटी मागून घेतली. त्यांना एवढं निवांत कसं राहवलं, हे मला फार उशिरा कळलं.

माझं दुःख तुम्हाला सांगते. माझी आई घर बघायला राहिली नव्हती, सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. कुणीतरी वडीलधाऱ्या बाईने घरातून एक फेरी मारावी आणि ‘चांगलं झालं हो’ म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. आमच्या आसपास अशी बाई एकच, आणि ती ही.

मग बागेची पाळी आली. सडा म्हणजे सगळा कातळ, त्यात झाड लावायचं तर आधी पहारीने खड्डा फोडा, मग बैलगाडीने माती आणून तो भरा. आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी तेच करायचो. हे दापोलीहून एसटीच्या टपावर टाकून हापूसची कलमं घेऊन आले, तेव्हा वाटेत त्यांची निम्मी पानं गळली होती, पण आम्हाला केवढा आनंद! काकी गडग्यावर कोपरं टेकून बघत होत्या. ‘‘ह्या काटक्या कशाला लावतंस? चुलीत घाल,’’ म्हणाल्या. मी फणा काढला आणि आमच्या काटक्या आमच्याजवळ राहू द्या, असं तोडून बोलले. त्यावर त्या राग न मानता घरी गेल्या आणि घमेलंभर शेणखत गडग्यावर ठेवून गेल्या. आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

एका सकाळी बघते तर सगळ्यात तरारलेल्या कलमाला एक फाटकी चप्पल टांगलेली. मला धक्काच बसला. कुणी करणी केली की काय, असं पुटपुटत मी ती काढून फेकली. दुसऱ्या दिवशी चप्पल पुन्हा जागेवर. तिसऱ्यांदा मी फेकायला गेले तेव्हा गडग्यापलीकडून आवाज आला, ‘‘ऱ्हाव दे ती. तुझ्या पायातली नाय ना?’’

ह्यांनी पुढे एक कुत्र्याचं पिल्लू आणलं, बदामी रंगाचं. आम्ही हौसेने त्याचं नाव राजा ठेवलं. काकींनी ते नाव एकदाही घेतलं नाही. त्यांनी त्याला धोंड्या म्हणायला सुरुवात केली. आमच्या मांजरीला तर त्या घूसच म्हणायच्या. शिळी भाकरी, माशाचं डोकं, जे काही असेल ते घेऊन त्या रोज गडग्यावरून हाक मारायच्या, ‘‘ये मेल्या धोंड्या, तुजां थोबाड बघ कसां झालांय.’’ कुत्रा खाल्ल्या अन्नाला जागणारा. महिन्याभरात तो राजा या नावाला कानही हलवेनासा झाला आणि धोंड्या म्हटलं की शेपटी हलवत धावायचा. शेवटी आम्हीही त्याला धोंड्याच म्हणू लागलो.

त्यांची गाय व्यायली तेव्हा खरवसाचं भांडं परत द्यायला मी त्यांच्या गोठ्यात गेले. तांबूस पाडी आईला ढुशा देत होती. आमच्याकडची रीत म्हणून मी तोंडभरून म्हटलं, किती गोड पाडी आहे हो, काय डोळे, काय कांती! काकींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पाडीला पदराखाली घेतलं, धावत जाऊन मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या आणल्या, तिच्यावरून ओवाळल्या आणि माझ्यादेखत गोठ्याशेजारच्या चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या तरी कुणाला ठसका लागला नाही. ‘‘बघ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ठसका आला काय? केवढी लागली हुती.’’

मी कौतुक केलं होतं आणि मी धोंडा मारल्यासारखं मला वागवलं गेलं होतं. मी रागाने निघाले तर त्यांनी हाताला धरून खाली बसवलं. तेव्हा मला कळलं की आपण गेली कित्येक वर्षं चुकीच्या बाजूने ऐकत होतो. जे जगावं, वाढावं असं वाटतं त्याला बरं म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. वाडीत अनेकजण ती थोडीफार पाळत, पण काकींइतकी कडक कुणीच नाही. मी कारण विचारलं. त्या चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत बोलल्या.

‘‘पहिलां चेडू हुतां माझां. शिमग्यात पालखी घरी यायची हुती म्हणून नवीन परकर नेसवला. नि माझ्याच तोंडातून गेलां, कसां गोजिरां दिसतां माझां चेडू. चार दिसात तापान गेलां. माझी नजर वायट हाय गो.’’

तो ताप होता, तुमच्या नजरेने काही झालं नाही, असं मी शिक्षिकेच्या आवाजात त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर खरवसाची आणखी एक वडी ठेवली. मुलीचं नाव काही त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर मला त्यांचा राग येईनासा झाला. चप्पल कलमावर राहिली. पण खरं सांगू? तो एक शब्द मला तरीही हवाच होता. समजलं म्हणून भूक थोडीच जाते. कलमं डोक्यावर गेली, मोहोर धरला, अबोली आणि जास्वंद माजली, न्हाणीच्या पाण्यावर लावलेली पपई तर खोडापासून शेंड्यापर्यंत लगडली. काकी सगळं बघायच्या आणि म्हणायच्या, ‘‘मेलां काय तां.’’ मीही हसून हो म्हणायची.

मग काकी धडपडू लागल्या. उंबऱ्याला ठेचकाळायच्या, सांडशीऐवजी उलथनं उचलायच्या. दिवा मंद आहे, म्हणायच्या. मुंबईहून मुलगा आला आणि डोळे दाखवायला त्यांना घेऊन गेला. त्या तिकडे असताना इथे पावसाळ्यातलं एक मोठं वारं झालं. आमची पपई त्या वाऱ्यात मुळासकट आडवी झाली. उरला तो कातळातला रिकामा खड्डा.

काकी परतल्या तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळच्या गाडीने त्या आल्या, एवढंच ऐकलं होतं. सकाळी मी अंगणात होते. काकी गडग्याच्या दगडांवर हात ठेवत सावकाश आल्या आणि पहिल्यांदाच फाटकातून आत शिरल्या. कलमापाशी थांबून खोडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘काय झाड केलंस गो बायो. सोन्यासारखां.’’

अबोलीला हात लावून त्या म्हणाल्या, ‘‘कशी फुललीय.’’ कुत्र्याची चाहूल लागली तशा वाकून त्यांनी हाक मारली, ‘‘राजा, ये रे राजा.’’ कुत्रा बसल्या जागेवरून बघत राहिला. ते नाव आपलं आहे, हे बिचाऱ्याला आता आठवतच नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला भीती वाटली. नजर वगैरे काही नसतं असं त्यांना शिकवणारी मी, मला आठवायला लागलं की मोहरीचा डबा कुठल्या फळीवर आहे. काकींचं आमच्यावरचं मन उडालं की काय, हाही विचार येऊन गेला.

एवढ्यात त्यांनी न्हाणीच्या बाजूला तोंड वळवलं. ‘‘नि पोपय! लेकुरवाळी झालीय नुसती. एक पिकली की मला दे हां.’’

तिथे पपई नव्हती, खड्डा होता. मी काकींच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते उघडे होते आणि माझ्यावर नव्हते, माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते. माझ्या हातातला तांब्या खाली पडला आणि त्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली.

‘‘दोनी डोळे गेले गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उशीर झाला म्हणाले. आता कसली नजर लागतेय माझी? आता बोलून घेतंय सगळां.’’ मग हाताने चाचपत त्या पायरीवर बसल्या, भिंतीच्या जांभ्यावर तळवा टेकला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘घर चांगलां हाय हां तुझां. पयल्या दिवसापासनाच चांगलां हुतां.’’

ज्या शब्दासाठी मी एवढी वर्षं झुरले तो मिळाला, आणि तो असा मिळाला. मी त्यांच्या शेजारी बसून रडले. त्या मात्र समाधानात होत्या. चहा घेता घेता त्यांनी मला आपल्या मुलीचं नाव सांगितलं. तिचे केस कसे दाट होते, हसताना एकाच गालावर खळी कशी पडायची, नवा परकर तिला कसा शोभला होता, हे सगळं सांगितलं. इतकी वर्षं त्या हे कुणाजवळ बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर त्या जगल्या तोवर वाडीत एक नवलच चाललं होतं. पोरं झालेल्या बायका पूर्वी काकींना बाळ दाखवायला कचरायच्या, कारण या त्याला माकड म्हणायच्या. आता त्या मुद्दाम बाळ आणून काकींच्या मांडीवर ठेवायच्या. निर्धास्तपणे कौतुक करून घ्यावं असं वाडीत तेवढं एकच माणूस होतं. काकी बाळाच्या नाकाडोळ्यांवरून बोटं फिरवायच्या आणि तोंडभर बोलायच्या.

मला रोज विचारायच्या, ‘‘पोपय कशी हाय?’’ मी भरलीय म्हणायची. त्या मुंबईहून परतल्या त्याच दिवशी पालीच्या बाजारातून रोप आणून मी त्या खड्ड्यात लावलं होतं आणि ते वीतभरही वाढलं नव्हतं. काकींना घाई होती म्हणून एकदा बाजारातली पपई कापून फोड त्यांच्या हातावर ठेवली. खाऊन म्हणाल्या, ‘‘साखर नुसती. घरची ती घरची.’’

माझ्या रोपाला पपया लागल्या तोवर काकी गेल्या होत्या. एक दिवस शाळेतली मैत्रीण घरी आली. न्हाणीशी उभी राहून म्हणाली, अगंबाई, काय लगडलीय पपई, किती छान! तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझी मान फिरली, मी हवेत तीनदा थुंकले आणि मोठ्याने म्हणाले, ‘‘मेलां काय तां! बघवत नाय.’’

मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. पायरीवर झोपलेला धोंड्या, आता म्हातारा झालेला, तो मात्र ताडकन उठला. धावत गडग्यापाशी गेला, पुढचे दोन्ही पाय दगडांवर टेकले आणि पलीकडे बघत कितीतरी वेळ शेपटी हलवत राहिला.