निळसर चेहरे

"आधी कॉपी काढ, मग हात लाव," असं म्हणत काकी माझ्या हातावर हात ठेवायच्या आणि माऊस अलगद थांबवायच्या. महाडला त्यांच्या फोटो स्टुडिओत कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मी कुणाच्या तरी साखरपुड्याचा मूळ फोटो बिघडवून तसाच सेव्ह केला होता. त्या रागावल्या नाहीत. फक्त पुढचा महिनाभर माझ्या शेजारची खुर्ची सोडली नाही.

स्टुडिओ त्यांच्या यजमानांचा. ते गेले तेव्हा काकी पंचेचाळिशीच्या होत्या आणि संगणकाला त्यांनी फक्त धूळ पुसण्यापुरता हात लावला होता. मग वहीत लिहून घेऊन, चुकून, पुन्हा चुकून त्या शिकल्या. पण बघण्याची त्यांची पद्धत पोलादपूरकडच्या गावातल्या बाईची होती. फोटोतल्या माणसाचे केस मागच्या रंगापासून कापून घेताना त्या म्हणायच्या, "कडेला इतकी धार नको गो, माणूस काय पुठ्ठ्याचा हाय?" संगणक अडकला की मी बटणं बडवायची. त्या मला चहा करायला पाठवायच्या. परत येईपर्यंत बहुतेक वेळा तो सुटलेला असायचा.

एकदा आखातातून आलेला एक तरुण भावाच्या लग्नातला फोटो घेऊन आला. त्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून फोटोत आता त्याला उभं करायचं होतं. मी हौसेनं त्याला आईच्या बाजूला उभं केलं. काकींनी पाहिलं आणि विचारलं, "सगळ्यांची सावली डावीकडं, ह्याची एकट्याची उजवीकडं कशी? हा काय दुसऱ्या दिवशी आला होता?" तो तरुण खो खो हसला. काकींनी सावली स्वतः वळवून दिली, आणि त्याच्या आईचा हात त्याच्या बाहीला लागेल इतका त्याला जवळ सरकवला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामात इतकी पक्की, की त्यांची चूक होत असेल असं आपल्या मनातच येत नाही. माझंही तेच झालं.

एका वर्षी तक्रारी सुरू झाल्या. हिरकणीवाडीच्या एका लग्नाच्या अल्बमात हळद हिरवट आली होती. कुणाच्या बारशाच्या फोटोतलं बाळ थंडीनं काकडल्यासारखं दिसत होतं. काकींनी एकेक करून सगळं तपासलं. प्रिंटर साफ केला, शाई बदलली, कागद बदलला, शेवटी संगणकाचा पडदाही नवा आणला. तरी चेहरे निळसरच येत राहिले. आणि त्यांच्या पडद्यावर त्यांना मात्र सगळं ठीक दिसत होतं.

एका सकाळी त्यांनी मला नवा कागदाचा गठ्ठा परत करायला सांगितलं. म्हणाल्या, हा जुना माल आहे, पिवळा पडलाय. मी गठ्ठा हातात घेतला. कागद दुधासारखा पांढरा होता.

त्या क्षणी मला कळलं. पण मी बोलले नाही. ज्या बाईनं मला रंग ओळखायला शिकवलं, तिला तुमची नजर बिघडली असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी गठ्ठा बदलून आणल्याचं खोटंच सांगितलं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी त्यांच्यापुढे तोच कागद आणि डब्यातला भात ठेवला आणि विचारलं, दोन्हींचा रंग कोणता. "दोन्ही पिवळे," त्या म्हणाल्या आणि भाताकडे पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे यंत्र माझंच बिघडलंय."

मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी समजावलं, की त्यातून सगळं पिवळट दिसतं. तो पिवळेपणा घालवायला काकी प्रत्येक फोटोत थोडा थोडा निळा वाढवत होत्या. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा त्या एकदा हा, एकदा तो डोळा झाकून दवाखान्याची भिंत बघत बसल्या. मग दुकानात येऊन वर्षभराचं काम उघडलं आणि तोंडावर पदर धरला. "लोकांची चांगली माणसं मी आजारी करून पाठवली गो."

मूळ फोटो सगळे जपलेले होते. दोन महिने आम्ही तेच काम पुन्हा केलं आणि घरोघरी नवे फोटो पोचवले. शेवटी एकच राहिला. कुडपणचा एक तरुण आजारपणात गेला होता आणि त्याच्या दिवसांसाठी काकींनी त्याची मोठी तसबीर करून दिली होती. ती घेऊन आपणच जायचं, असं त्यांनी ठरवलं. मलाही बरोबर घेतलं.

तसबीर ओटीवरच्या भिंतीला होती. त्याच्या आईला काकींनी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं, गेलेल्या माणसाचा रंग असाच करतात. म्हणून मी काय बोलले नाय."

काकींनी भिंतीवरची तसबीर उतरवली. मी नवी तसबीर कागदातून सोडवली. आईनं ती उजेडात धरली, काचेवरून बोटं फिरवली. "हां," ती म्हणाली. "आता शेतावरनं आल्यासारखा दिसतोय."

परतीच्या एसटीची वाट बघताना मी काकींना खरं सांगितलं. ती निळी तसबीर, सगळं कळूनही मी गप्प बसले त्या आठ दिवसांतली होती. तेव्हाच बोलले असते, तर त्या माउलीनं निळा पडलेला मुलगा इतके महिने पाहिला नसता.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वेळी सांग. मला राग येईल. तरी सांग." नंतर गाडीत त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोलादपूर येईपर्यंत झोपल्या.

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्या मुलीकडे खेडला गेल्या, आणि दोन वर्षांनी तिथेच वारल्या. महाडचा स्टुडिओ बंद झाला. मी पोलादपूरला माझं छोटं दुकान काढलं.

गेल्या दिवाळीनंतर कुडपणची ती आई माझ्या दुकानात आली. महाडला जाऊन आली होती, तिथे कुणी तरी माझा पत्ता दिला. काकी कुठे असतात, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती स्टुलावर बसली. मग पिशवीतून एक गाठोडं काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. "नवी नाचणी हाय. त्यांच्यासाठी आणली होती."

मी ती घरी नेली. भाकरी केल्या. पहिली ताटात घेतली आणि कितीतरी वेळ तिचा तुकडा मोडवेना.