कडीतली रेघ

आमच्यात मामाच्या घरात मुलगी देतात, तशी मीही दिली गेले. वडील लवकर गेले. आईला आणि मला मामांनीच सांभाळलं, मला इंजिनीअर केलं आणि सून करून घेतलं. उंब्रजजवळ घराला लागूनच त्यांची प्लॅस्टिक मोल्डिंगची शेड आहे. तिथला माल तपासायचं काम माझं. म्हणजे मामा तेच, सासरे तेच आणि ज्यांचा माल नाकारायचा ते मालकही तेच. घ्या!

मागं ब्रेकच्या सेन्सरमध्ये बसणाऱ्या कडीचं काम आलं. कडी अंगठीएवढी, पण ती ज्या दाण्यापासून बनते तो लिक्विड क्रिस्टल पॉलिमर नावाच्या प्लॅस्टिकचा. याच्या रेणूंच्या साखळ्या काडीसारख्या ताठ असतात. बारीक वाटेतून जोरात रेटल्या की सगळ्या एका दिशेला तोंड करतात आणि वितळलेला रस सरसर पळतो. मामांचं घराणं मूळचं माण तालुक्यातलं, मेंढपाळांचं. बोळात घुसलेल्या मेंढरांसारखं, असं मी मामांना सांगितलं. ते त्यांना लगेच पटलं.

पुढचं मात्र पटेना. साच्यात मधल्या खुंटीला वळसा घालून रस दोन बाजूंनी जातो आणि पलीकडे भेटतो, तिथं सांध्याची बारीक रेघ राहते. साधं प्लॅस्टिक तिथं एकमेकांत गुंततं. हे गुंतत नाही. दोन्हीकडच्या काड्या सांध्याच्या कडेनं आडव्या पडून राहतात आणि कडी नेमकी तिथंच तुटते. मी तापमान वाढवलं, वेग वाढवला, काही उपयोग झाला नाही. रस आत सोडायची जागाच बदलायला हवी होती, म्हणजे साचा पुन्हा दुरुस्तीला. आणि गाडी तर सकाळी भरायची होती.

“रेघ दिसत बी न्हाई, पोरी,” मामा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. “दिसत नाही म्हणूनच भीती वाटते, मामा. ब्रेकचं काम आहे. मी पास करणार नाही.”

नवरा मोबाईलमध्ये मान घालून बसला. मोठा शहाणा! मी तरातरा बाहेर आले आणि गावाकडं आईला फोन लावला. वाटलं, ये म्हणेल.

“आगं, रुसून हिकडं यायचं म्हणशील, तर हितलं घर बी त्योच चालिवतो, तुझा मामा,” ती म्हणाली. मला रडू फुटलं.

परत आत गेले, तर मामा स्टुलावर बसून एकेक कडी अंगठ्यानं दाबत होते. पायाशी तुकडे पडले होते. प्रत्येक कडी त्याच जागी तुटलेली.

“माल थांबीव,” ते वर न बघता म्हणाले. “आन उद्यापासनं तू घरीच थांब.”

साचा बदलून आला. मशीनचा आवाज मला स्वयंपाकघरात दिवसभर ऐकू येतो. कड्या आता तुटत नाहीत, असं नवरा सांगतो. दाबून बघायला अजून एकही कडी कुणी माझ्या हातात आणून दिलेली नाही.