रविवार कुणाचा

काल शेजारणीला बघायला दवाखान्यात गेले होते. वॉर्डमधल्या टेबलाशी एक तरुण इन्चार्ज सिस्टर पुढच्या महिन्याच्या ड्युट्या लावत होती. पेन्सिलीने लिहायची, खोडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारायची, "तुला कुठला रविवार हवाय गं?" मी बघतच राहिले.

मीही अशीच इन्चार्ज झाले होते. आदल्या दिवशी इंजेक्शनं देत होते, दुसऱ्या दिवशी ड्युट्यांची वही हातात आली. माणसं कशी सांभाळायची, हे कुणी सांगितलं नाही. मग मला जे सोपं वाटलं ते मी केलं. सुमन माझी मैत्रीण, आम्ही डबा एकत्र खायचो, म्हणून रविवारची सुट्टी तिला. कमल कधी तोंड उघडायची नाही, म्हणून सणावारी ड्युटी तिला.

तिसऱ्या दिवाळीला कमल हळूच म्हणाली, "सिस्टर, मुलगी विचारते, तुमच्या दवाखान्यात तू एकटीच आहेस का?"

"पुढच्या वर्षी बघू," मी वहीतून मान वर न करता म्हणाले. पुढच्या दिवाळीआधीच ती बदली मागून निघून गेली.

मला कुणी शिकवलं नव्हतं, हे खरंच आहे. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण समोरच्या बाईच्या घरीही दिवाळी असते, हे काय शिकवावं लागतं?

माझ्या निवृत्तीच्या समारंभात सुमन भाषणाला उभी राहिली. म्हणाली, "सिस्टरांनी कधी कुणात दुजाभाव केला नाही." टाळ्या वाजल्या, आणि मी हात जोडून त्या घेतल्या.